भीती दाखवून मुलं थांबत नाहीत: दारू-गांजा प्रतिबंधाच्या चाचण्यांत काय टिकलं, काय पडलं

शाळेच्या सभागृहात चारशे मुलं बसवायची, पडद्यावर खराब झालेल्या यकृताचं चित्र लावायचं, व्यसनातून बाहेर पडलेल्या एखाद्याला कहाणी सांगायला उभं करायचं आणि शेवटी सगळ्यांना शपथ द्यायची. तासाभरात कार्यक्रम उरकतो. मुलं चिडीचूप ऐकतात, शिक्षकांना समाधान वाटतं, फोटोही चांगले येतात. मुलांच्या दारू-गांजाच्या वापरात मात्र यानं फरक पडत नाही. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून व्यसनप्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं काढली आहेत. दुसरी आवृत्ती २०१८ची. निव्वळ व्याख्यान, धाक घालणं, नुसती माहिती देणं, माजी व्यसनींचं अनुभवकथन हे सगळं तिथे निष्फळ किंवा उलट्या परिणामाच्या रकान्यात पडलेलं आहे.

लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेला ‘डेअर’ हा यातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गात येऊन धडे घ्यायचा. पालक खूश, पोलीस खूश, आणि बघता बघता तो अमेरिकाभर पसरला. मग संशोधकांनी धडे घेतलेली आणि न घेतलेली मुलं वर्षानुवर्षं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्हींत सांगण्याजोगा फरक सापडेना. एका अभ्यासात तर दहा वर्षांनीही नाही. अखेर २००९च्या सुमारास या कार्यक्रमानं जुने धडे बाजूला ठेवून दुसऱ्यांनी तयार केलेला अभ्यासक्रम घेतला. जाहिरातींची गत वेगळी नाही. १९९८ ते २००४ या काळात अमेरिकी संसदेनं किशोरांसाठीच्या जाहिरात मोहिमेला जवळपास एक अब्ज डॉलर दिले. मूल्यमापनात गांजाचा वापर घटलेला दिसला नाही. उलट जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांचा ‘बरीच जण ओढत असणार, नाहीतर एवढा गाजावाजा कशाला?’ असा समज होत असल्याची चिन्हं मिळाली.

मेख इथेच आहे. वाईट परिणामांची माहिती मुलांना बहुतेक वेळा आधीच असते. चौदा वर्षांच्या मुलाचा निर्णय ठरतो तो ‘आपल्या वयाची इतर मुलं काय करतात’, ‘घरी कळलं तर काय होईल’ आणि ‘वस्तू किती सहज मिळते’ यांवर. त्यात ज्याला धोक्याचीच ओढ आहे, त्याच्यासमोर धोका रंगवून सांगणं म्हणजे त्या गोष्टीची जाहिरातच. आणि ‘एकदा ओढलात की संपलात’ असं ऐकलेला मुलगा शेजारच्या दादाला ओढूनही परीक्षा पास होताना पाहतो, तेव्हा पुढचं खरं सांगितलेलंही तो मानत नाही.

नेमकं लांबवायचं काय?

संशोधनात चार गोष्टी मोजतात: पहिल्यांदा कधी घेतली, गेल्या ३० दिवसांत घेतली का, एका बैठकीत पाच किंवा जास्त ड्रिंक झाली का, आणि वापरामुळे अडचणी येऊ लागल्या का. यांत ‘पहिल्यांदा कधी’ला सर्वाधिक वजन दिलं जातं. गांजा घेऊन पाहिलेल्यांपैकी ढोबळमानानं ९ टक्के लोक पुढे त्यावर अवलंबून होतात. सुरुवात किशोरवयात झालेली असेल तर हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास जातं. दारूतही पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्यांत पुढे अवलंबित्व कितीतरी जास्त आढळतं.

हे आकडे वाचताना थोडं थांबायला हवं. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरात बहुधा आधीपासून ताण असतो, व्यसनाचा कौटुंबिक इतिहास असतो, शाळेत मन लागत नसतं. त्यामुळे पुढचा सगळा त्रास फक्त लवकर सुरू केल्यामुळे झाला असं म्हणता येत नाही. तरी सुरुवात लांबवण्यामागे जैविक कारणही आहे: आवेग आवरणारा आणि पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन मेंदूतल्या ज्या ग्राहकांना (पेशींवर संदेश टिपणाऱ्या रिसेप्टरना) चिकटतं, ते या जडणघडणीतही काम करत असतात.

मालही बदलला आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५च्या सुमारास टीएचसी सरासरी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास पोचलं. २०१९ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या एका अभ्यासात १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या साधारण पाचपट दिसली. ‘आमच्या कॉलेजात पण ओढायचे, काही झालं नाही’ हा पालकांचा हिशेब त्यामुळे जुन्या मालाचा आहे. खाण्यातून घेतलेल्या गांजाचा घोटाळा आणखी वेगळा: परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, ‘काहीच होत नाही’ म्हणून मूल दुसरा तुकडा खातं आणि मग दोन्ही एकदम चढतात. मुलांना माहिती द्यायचीच तर या जातीची द्यावी.

सगळे घेतात, हा गैरसमज

जवळजवळ प्रत्येक सर्वेक्षणात मुलं आपल्या वयाच्या इतरांचा वापर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात. पिणारा मुलगा बोलतो, मिरवतो, स्टेटस टाकतो. न पिणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत काही वर्गांना ‘नाही कसं म्हणायचं’ हे शिकवलं, काहींना ‘प्रत्यक्षात किती जण घेतात’ हे त्यांच्याच आकड्यांतून दाखवलं. सरस ठरला तो दुसरा धडा. नकाराचं नुसतं प्रशिक्षण दिलं की मुलाला वाटतं, आपल्याला हरघडी कुणीतरी देऊ करणार आहे, म्हणजे सगळेच घेत असणार.

हा धडा दिसतो सोपा, बिघडतो तपशिलात. आधी निनावी कागदावर दोन प्रश्न: ‘तुमच्या इयत्तेतल्या १०० पैकी किती जणांनी गेल्या महिन्यात दारू घेतली असेल?’ आणि ‘तुम्ही घेतलीत का?’ कागद सगळ्यांचा सारखाच लांब हवा. ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढे आणखी पाच प्रश्न असतील, तर कोण जास्त वेळ लिहीत बसलंय हे शेजाऱ्याला कळतं आणि पुढच्या वेळी सगळे ‘नाही’ लिहितात. शिक्षकानं बाकांमधून फिरायचं नाही. कागद मुलांनीच घडी करून बंद पेटीत टाकायचा. बेरीज एका वर्गाची न करता पूर्ण इयत्तेची करायची, कारण ३० जणांत तीन ‘हो’ आले की ते तिघं कोण याचा शोध मधल्या सुट्टीतच सुरू होतो. मग दोन्ही आकडे शेजारी लिहायचे: समजा अंदाज ४०, प्रत्यक्ष ९. आणि मुलांनाच विचारायचं की एवढी तफावत आली कुठून. इथे उत्तर सांगून टाकणारा शिक्षक धडा वाया घालवतो.

इयत्तेचा खरा आकडाच ४५ निघाला तर हा धडा घेऊ नये. तिथे तो ‘बघा, निम्मे घेतात’ असा संदेश देतो. दुसऱ्या शाळेचा सोयीस्कर आकडा उसना आणणं त्याहून वाईट. मुलं तो मिनिटभरात ओळखतात.

नीट तपासलेले शालेय अभ्यासक्रम लांब असतात हेही लक्षात घ्यावं. ‘लाइफ स्किल्स ट्रेनिंग’ या अमेरिकी कार्यक्रमात पहिल्या वर्षी १५, दुसऱ्या वर्षी १० आणि तिसऱ्या वर्षी ५ तासिका असतात. शाळा हमखास गाळते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची उजळणी. आणि तासिकेत वेळ कमी पडला की शिक्षक गाळतो ती प्रसंगनाट्यं, कारण त्यांत गोंधळ होतो. उरते माहिती, म्हणजे मुळात ज्याचा उपयोग नव्हता तेच.

स्वभावाप्रमाणे आणि वयाच्या बरंच आधी

सगळी मुलं एकाच कारणानं घेत नाहीत, या निरीक्षणावर ‘प्रीव्हेंचर’ हा कार्यक्रम उभा आहे. २३ वाक्यांच्या प्रश्नावलीतून स्वभावाचे चार कल पाहतात: निराशा, शरीरातल्या भीतीच्या लक्षणांचीच धास्ती, उतावळेपणा, थराराची ओढ. ज्या मुलांत एखादा कल ठळक दिसतो, त्यांना त्या गटासाठी दीड-दीड तासाची दोन सत्रं. धास्तीवाल्याला छातीतली धडधड म्हणजे संकट नव्हे हे शिकवतात, उतावळ्याला क्रिया आणि विचार यांच्यात दोन सेकंदांची फट पाडायला. दारू-गांजाचा उल्लेख त्यात थोडाच असतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या चाचण्यांत याचे परिणाम चांगले आले आहेत, तेही फक्त दोन सत्रांत. मला हा सगळ्या शालेय उपायांतला सर्वांत हुशार वाटतो. मात्र ‘तुझी निवड का झाली’ हे मुलांना कसं सांगायचं, यावर शाळेनं आधी विचार केलेला हवा; ‘बिघडण्याची शक्यता असलेली मुलं’ असा शिक्का बसला तर फायदा बाजूलाच राहील.

त्याहून आधीचा उपाय तर पहिलीच्या वर्गातला आहे आणि त्यात नशेचा विषयच नाही. ‘गुड बिहेवियर गेम’मध्ये वर्गाचे तीनेक संघ करतात, शांत आणि खोडकर मुलं मुद्दाम मिसळून. जागेवर बसणं, मध्येच न बोलणं असे मोजके नियम फळ्यावर. खेळ सुरुवातीला दहा मिनिटांचा. नियम मोडला की शिक्षिका आवाज न चढवता संघाच्या नावापुढे खूण करते आणि पुढे शिकवत राहते. चार किंवा त्याहून कमी खुणा असलेले सगळे संघ जिंकतात, म्हणजे एकाचं जिंकणं दुसऱ्याच्या हरण्यावर नसतं. पुढे खेळाचा वेळ वाढतो, तो कधी सुरू होणार हे आधी सांगितलं जात नाही आणि बक्षीस लगेच न देता लांबवलं जातं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९८५-८६ साली पहिलीत हा खेळ खेळलेल्या मुलांची १९ ते २१ या वयात पुन्हा गाठ घेतली, तेव्हा मुलग्यांमध्ये अमली पदार्थांच्या गैरवापराचं किंवा अवलंबित्वाचं प्रमाण १९ टक्के होतं. तुलनेच्या वर्गांत ते ३८ टक्के. पुढच्याच वर्षीच्या तुकडीत फरक इतका ठळक राहिला नाही. शिक्षकांना मिळणारा आधार सैलावला की खेळ नावापुरता उरतो, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

घरचा घोट

‘बाहेर चोरून घेण्यापेक्षा आमच्यासमोर थोडी घेऊ दे, म्हणजे अप्रूप राहणार नाही.’ हा युक्तिवाद ऑस्ट्रेलियात तपासला गेला. १,९२७ मुलं आणि त्यांचे पालक यांचा सातवीपासून सहा वर्षं पाठपुरावा झाला आणि २०१८ साली निष्कर्ष आले. पालकांनी दारू दिल्यानं संरक्षण मिळाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट अशा मुलांना पुढे इतरांकडूनही दारू मिळण्याचं प्रमाण जास्त होतं आणि एका बैठकीत भरमसाट पिणंही.

उपयोगी पडतो तो स्पष्ट नियम, आणि तो मूल घ्यायला लागण्याआधी सांगितलेला. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी पालकसभेत वीसेक मिनिटांचं छोटं भाषण झालं. मग त्या वर्गाच्या पालकांनी आपसांत बसून दारूबद्दलचे सामायिक नियम ठरवले आणि ते लिहून घरोघर पाठवले. काही शाळांत फक्त हे केलं, काहींत फक्त मुलांचे धडे, काहींत दोन्ही. परिणाम दिसला तो दोन्ही केलेल्या शाळांत. एकेकटं काहीच चाललं नाही. सामायिक नियमांचा फायदा उघड आहे: ‘सगळ्यांच्या घरी चालतं, फक्त तुम्हीच असे’ हे वाक्य निकामी होतं.

पालकांच्या नियमांची ही कल्पना आधी स्वीडनमध्ये यशस्वी ठरली होती आणि तिथेच पुन्हा तपासली तेव्हा परिणाम मिळाला नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गाजलेला कुटुंबांचा एक कार्यक्रम स्वीडन आणि पोलंडमध्ये नेला, तिथेही तो चालला नाही. एका ठिकाणी सिद्ध झालेला कार्यक्रम दुसरीकडे नेताना फेरतपासणी लागतेच, एवढा बोध या क्षेत्रानं बरीच किंमत मोजून घेतला आहे.

चांगल्या हेतूनं झालेलं नुकसान

युरोपातल्या सात देशांत तपासलेला ‘अनप्लग्ड’ हा १२ धड्यांचा कार्यक्रम ब्राझीलनं आपल्याकडे बेतून घेतला. सहा शहरांतल्या ७२ शाळांत चाचणी झाली. कार्यक्रम मिळालेल्या मुलांत पहिल्यांदा दारू घेण्याचं प्रमाण तुलनेच्या मुलांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी जास्त निघालं. चाचणीच झाली नसती तर हा कार्यक्रम देशभर कौतुकानं पसरला असता. नंतर तो नव्यानं लिहावा लागला.

दुसरा धोका गटाचा. बिघडू लागलेली मुलं एकत्र बसवून समुपदेशन करायचं, हे ऐकायला समंजस वाटतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात अशा गटांतल्या मुलांचं धूम्रपान आणि बेशिस्त वर्तन वाढलेलं आढळलं. सत्राच्या आधी, नंतर आणि मध्ये एकमेकांचे पराक्रम ऐकून हसणं हेच त्यांना बक्षीस ठरत होतं. म्हणून अशा मुलांशी एकेकटं किंवा कुटुंबासह काम करणं बरं.

किंमत, वय, दुकान

वर्गाबाहेरचे उपाय कंटाळवाणे आहेत आणि बहुधा जास्त ताकदीचे. दारूच्या किमतींवरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र केले, तर किंमत १० टक्के वाढल्यावर खप सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घटतो. अमेरिकेत १९७०च्या दशकात अनेक राज्यांनी दारूखरेदीचं किमान वय खाली आणलं; १९८४च्या केंद्रीय कायद्यानं, वय २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्गांचा निधी कापण्याचा चाप लावला आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर्षांवर आली. वय वाढवल्यानंतर त्या वयोगटातले वाहन अपघात घटले. पण कायदा लिहून भागत नाही. दुकानदार वय विचारतो का, हे पाहायला बनावट गिऱ्हाईक पाठवलं की काही आठवडे विचारणा होते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दुकानांवरचा हा परिणाम तीन महिन्यांत विरून गेला. वर्षातून एक मोठी मोहीम काढण्यापेक्षा दर दोन-अडीच महिन्यांनी छोटी तपासणी बरी, असा त्याचा सरळ अर्थ.

आइसलँडचं नाव या विषयात सतत निघतं. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांत गेल्या महिनाभरात झिंगेपर्यंत प्यायलेल्यांचं प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होतं, २०१६ साली ५ टक्के. दरवर्षी सर्वेक्षण, निकाल काही आठवड्यांतच त्या-त्या शाळेच्या आणि पालिकेच्या हातात, रात्री बाहेर राहण्यावर वयानुसार वेळेचं बंधन, खेळ-संगीताच्या वर्गांसाठी कुटुंबांना अनुदान, पालकांचे आपसांतले करार. कौतुक करण्यासारखंच आहे. पण ही चाचणी नव्हती. तुलनेचा आइसलँड कुठे होता? त्याच काळात शेजारच्या नॉर्डिक देशांतही किशोरांचं पिणं घटत होतं. घसरणीतला किती वाटा योजनेचा, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही.

आकडे वाचताना

‘चार हजार मुलांवर अभ्यास’ हे ऐकून भारावून जाऊ नये. कार्यक्रम शाळेला मिळतो, मुलाला सुटा मिळत नाही, आणि एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. २० शाळा, प्रत्येकी २०० मुलं, आणि शाळेतल्या साम्याचा गुणांक (मुलं एकमेकांसारखी किती, हे सांगणारा आकडा; ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे अगदी सारखी) अवघा ०.०२ धरला तरी हिशेब असा: १ अधिक १९९ (शाळेतल्या मुलांतून एक वजा) गुणिले ०.०२, म्हणजे ४.९८. चार हजारांना यानं भागलं की उरतात सुमारे ८०० मुलांइतकी माहिती. हा भागाकार विसरलेल्या अहवालात नसलेला परिणाम दिसतो.

मुलं खोटं लिहितात का? थोडी लिहितात, दोन्ही दिशांना. म्हणून युरोपातल्या मोठ्या शालेय सर्वेक्षणात ‘रेलेव्हिन’ हे अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचं नाव यादीत घातलं गेलं. ते घेतल्याचं लिहिणाऱ्याची बाकीची उत्तरंही संशयानं वाचायची.

‘वापर २० टक्क्यांनी घटला’ यातला २० कशाचा, हेही विचारावं. शंभरात २० मुलं घेत होती ती १६ झाली, तर घट २० टक्केच, पण प्रत्यक्षात वाचली चार; एका मुलाला थांबवायला २५ मुलांना कार्यक्रम द्यावा लागला. मुलामागे खर्च कमी असेल तर हा सौदा चांगलाच आहे.

शाळेला स्वतः काही करून पाहायचं असेल तर सर्वांत जास्त फसगत शेवटच्या मोजणीत होते. कार्यक्रमानंतर आठवड्याभरानं घेतलेली प्रश्नावली फक्त पाठांतर मोजते. बारा महिन्यांनी, त्याच महिन्यात, तेच प्रश्न विचारावे लागतात. सुट्टीनंतरचा महिना आणि परीक्षेचा महिना यांची तुलना होत नाही. आणि शेजारची, कार्यक्रम न घेतलेली एखादी शाळा आधीच बोलून ठेवावी लागते. मुलं वर्षानं मोठी झालेली असतात, त्यामुळे वापर वाढणारच. समजा आपल्या शाळेत ४ टक्क्यांचे ८ झाले, तर सगळे म्हणतील पैसे पाण्यात गेले. शेजारच्या शाळेत त्याच वर्षात ४चे १२ झाले असतील, तर कार्यक्रम चालला असण्याची शक्यता आहे, आणि पुढच्या वर्षी जास्त शाळा घेऊन तो नीट तपासायला हरकत नाही.